पहिला खिळा

संक्रांत होऊन आठ दिवस झाले आणि दीनानाथच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला. डॉक्टरांनी हिरवा चष्मा दिला आणि बजावलं, की सहा आठवडे वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, आणि धुळीत, लोखंडाच्या किसात तर पाऊलच टाकायचं नाही. डॉक्टर माणूस चांगला होता. पण मांजरी गावात दीनानाथच्या शेडमध्ये त्या दिवसांत काय येऊन पडलं होतं, ते त्यांना ठाऊक असायचं कारण नव्हतं.

शेडमध्ये लाटा पडल्या होत्या. उसाच्या रसाच्या चरकात ज्या जाडजूड लोखंडी लाटण्यांमधून ऊस पिळून निघतो, त्या लाटा. वर्षभर ऊस खाऊन त्यांचे दात बोथट होतात, मग रस कमी निघतो आणि चिपाड ओलं राहतं. दरवर्षी उन्हाळा लागायच्या आत त्या लेथवर, म्हणजे लोखंड गरगर फिरवून कातणाऱ्या यंत्रावर चढवून, वरचा झिजलेला थर काढून दात पुन्हा पाडावे लागतात. कर्वेनगरच्या रामदासची रसाची पाच दुकानं होती, सगळी कॉलेजांच्या आसपास. पाच चरकांच्या पंधरा लाटा टेम्पोतून उतरवून तो गेला होता. महाशिवरात्रीला त्याची पाचही दुकानं एका दिवशी उघडत. त्याच्या आज्याने घालून दिलेला तो मुहूर्त होता आणि तो कधी चुकला नव्हता.

दीनानाथ एकोणतीस वर्षं हडपसरच्या एका कंपनीत लेथवर टर्नर होता. तीन वर्षांपूर्वी कंपनीने चारशे माणसांना एकदम स्वेच्छेने घरी जायला लावलं, त्यात तोही स्वेच्छेने घरी आला. कंपनीनेच भंगारात काढलेला पट्ट्यावर चालणारा जुना लेथ त्याने उचलला आणि घरामागच्या गोठ्यात बसवला. गुरं होती तेव्हा गोठा, आता शेड. शेडच्या एका अंगाला अजून ऊस उभा होता. दुसऱ्या अंगाचा ऊस मागल्या वर्षी गेला आणि तिथे नव्या इमारतींसाठी बंगल्याएवढा खड्डा पडला होता. खड्ड्यावर इंग्रजीत पाटी होती आणि पाटीवर कुठल्या तरी परदेशातल्या तळ्याचं चित्र होतं.

शेडमध्येही एक पाटी होती. पत्र्यावर तांबड्या ऑइलपेंटने दीनानाथने स्वतः रंगवलेली. चकात चावी विसरू नये. चालू लेथवर हातमोजे घालू नयेत. बाही कोपराच्या वर असावी. कीस हाताने काढू नये. शेडमध्ये काम करणारा माणूस तो एकटाच असल्यामुळे ही पाटी वाचायला कोणी नव्हतं. रोज सकाळी चहाला येणारा भैरू मात्र ड्रमवर बसून ती मोठ्याने वाचायचा आणि म्हणायचा, "दीन्या, तू सोताला लई भितोस बघ."

भैरू त्याच कंपनीत हेल्पर होता. आता दोन म्हशी सांभाळून होता. तो दीनानाथच्या घरी चहा पितो, सणाला जेवतो, आणि दीनानाथच्या बायकोची, कौशल्याची, बोलणी खातो, हे गावाने तीस वर्षं पाहिलेलं होतं. त्याला कारण दीनानाथचं डाव्या हाताचं बोट. करंगळीशेजारचं ते बोट अर्ध्यात संपत होतं. एखादं नवीन गिऱ्हाईक त्या बोटाकडे नुसतं बघायचा अवकाश, कौशल्या गोष्ट सुरू करायची. ती अशी, की लग्नाच्या साली श्रावणात भैरूची बाही लेथमध्ये ओढली गेली. सगळे बघत राहिले. पण आमच्या ह्यांनी हात घातला आणि भैरूभावजींना ओढून काढलं. भावजी वाचले, ह्यांचं बोट गेलं. इतकं झाल्यावर ती भैरूकडे वळायची आणि म्हणायची, "ह्यांनी हात दिला म्हनून आज दोन हातांनी म्हशी पिळताय. कवा एक नारळ तरी आनला का हो?"

भैरू बशीतला चहा फुंकत मान डोलवायचा. दीनानाथ त्या वेळी हटकून काहीतरी हुडकायला शेडच्या मागे जायचा.

ऑपरेशनला चार दिवस झाल्यावर रामदास आला. हिरवा चष्मा लावून दारात खुर्चीवर बसलेला दीनानाथ आणि शेडमध्ये जशाच्या तशा पडलेल्या पंधरा लाटा, दोन्ही त्याने शांतपणे पाहिलं. आवाज चढवायची त्याला सवय नव्हती. दीनानाथरावांनी डोळ्याची काळजी घ्यावी, घाई अजिबात करू नये, महाशिवरात्र काय दरवर्षी येते, असं तो म्हणाला. मग उंबऱ्यात थांबून म्हणाला, यंदा गिऱ्हाइकांना ऊसच देतो, ज्याने त्याने आपापल्या दातांनी सोलून खावा. पुढच्या सोमवारपर्यंत निम्म्या लाटा झाल्या नाहीत तर तो सगळ्या भोसरीच्या वर्कशॉपांत नेणार होता. आणि एकदा भोसरीला गेलेलं काम मांजरीला परत येत नाही, हे दोघांनाही माहीत होतं.

दुपारी सगळे जेवायला बसले. सुदर्शन, दीनानाथचा मुलगा, रात्रभर कॉल सेंटरच्या पोरांना घरोघर सोडून नुकताच उठला होता आणि झोपेतच भाकरी मोडत होता. त्याची बायको नंदा वाढत होती. ती वऱ्हाडातली. लग्नाला दोन वर्षं झाली तरी ती मोजकंच बोलायची, आणि बोलायची तेव्हा आधी ठरवून बोलायची. तिने दीनानाथच्या ताटात आमटी वाढली, पळी भांड्यात ठेवली आणि म्हणाली, "मामंजी, लाटा मी करू का?"

कौशल्याला ठसका लागला.

नंदाने आयटीआयला टर्नरचा कोर्स केला होता. छत्तीस मुलं आणि ती एक. हे लग्नाच्या बैठकीत सांगितलं गेलं होतं आणि सगळ्यांनी कौतुकाने ऐकून सोडून दिलं होतं. पेटीच्या तळाशी तिचं सर्टिफिकेट आणि खाकी एप्रन घडी घालून ठेवलेला होता. दीनानाथला एक गोष्ट मात्र कळून चुकली होती. तो गावात गेला की घरातल्या विळीला शेडमधल्या ग्राइंडरवर धार लागायची, आणि ती धार अशी तशी नव्हती. कोन बरोबर धरलेला असायचा. तो काही बोलला नव्हता. नंदाही बोलली नव्हती.

सुदर्शन म्हणाला, करू दे की, त्याच्या गाडीतल्या पोरी रात्री दोनला अमेरिकेशी भांडतात. दीनानाथने लगेच हो म्हटलं नाही. लाट लेथवर कशी चढवायची, पहिला कट किती घ्यायचा, हे त्याने विचारलं. तिने सांगितलं. जिथे चुकलं असं त्याला वाटलं, तिथे त्याने पुन्हा विचारलं, तेव्हा कळलं की तीच बरोबर होती. मग तो म्हणाला, "ठीक आहे. पण लेथवर उभं राहताना अंगावर काही लोंबतं चालणार नाही. ओढणी नाही, बांगड्या नाहीत, मंगळसूत्र नाही."

आता कौशल्याने ताट बाजूला सरकवलं. ओढणीचं तिला काही नव्हतं, घरात परकं कोण आहे, भैरूभावजींना चहा बाहेर देऊ. पण सवाष्ण बाईने भरल्या घरात रोज सकाळी हात आणि गळा मोकळा करायचा, हे तिला ऐकवतसुद्धा नव्हतं. तिचा मुलगा रात्रभर गाडी हाकतो, हायवेला असतो. "माझं लेकरू रोडवर आणि हितं हिनं बांगड्या उतरवायच्या? मी जिती हाय तवर न्हाई."

दीनानाथने समजावून पाहिलं. मशीनला सवाष्ण कळत नाही, असं तो म्हणाला. ते तर कौशल्याला अधिकच झोंबलं. शेवटी तोडगा तिनेच काढला. मंगळसूत्र ब्लाउजच्या आत सारून वर पिन लावायची. बांगड्या मनगटावर दाबून बसवायच्या आणि त्यांच्यावर मऊ लुगड्याची चिंधी गुंडाळायची, गच्च. बांगड्या अंगावरही राहिल्या आणि दिसायच्याही नाहीत.

चिंधी म्हटल्याबरोबर दीनानाथचं नसलेलं बोट ठणकलं. अर्ध्या बोटाचं असं असतं, जे नाही तेच दुखतं. त्याने तोंड उघडलं. कौशल्या त्याच्याकडे बघत होती, नंदा बघत होती. एक वाक्य बोलला असता तरी झालं असतं. पण त्या वाक्यामागे दुसरं वाक्य होतं आणि त्यामागे तीस वर्षं. त्याने आमटीचा भुरका घेतला आणि म्हणाला, "नीट बांधा म्हणजे झालं."

पहिले दोन दिवस फार चांगले गेले. लेथ उंच होता, म्हणून नंदाने पायाखाली फळी घेतली. खाकी एप्रन अजून अंगाला बसत होता. हातमोजे घालून आली तेव्हा दीनानाथने खुर्चीवरून पाटीकडे बोट दाखवलं, आणि तिने जीभ चावून ते काढून ठेवले. लाट जबड्यात पकडणाऱ्या चकाची चावी फिरवून झाली की ती मोठ्याने म्हणायची, "चावी बाहेर." तिच्या मास्तरांनी लावलेली ती सवय होती. दीनानाथला ती इतकी आवडली की तोही खुर्चीवरून "चावी बाहेर" म्हणू लागला, आणि कुडापलीकडे चहा पिणारा भैरू तिसऱ्यांदा म्हणायचा.

दीनानाथ दारात बसून कानाने काम बघत होता. हत्यार लोखंडाला नीट लागलं की लेथ एका सुरात गुणगुणतो, जास्त खोल गेलं की दात खातो. नंदाचा लेथ गुणगुणत होता. लाटेवरून निळसर कीस लांब वळ्यांनी निघत होता, जिलबीसारखा. तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पाच लाटा भिंतीला ओळीने उभ्या राहिल्या. त्यांचे नवे दात उन्हात चमकत होते आणि कौशल्या जाता-येता त्यांच्यावरून पदर फिरवत होती.

सहावी लाट संपत आली होती. लाटेची मान, म्हणजे जो भाग बेअरिंगमध्ये बसतो तो, शेवटी पॉलिश पेपरने गुळगुळीत करावा लागतो. लेथ चालूच ठेवून. पेपर बोटाला गुंडाळायचा नाही, लांब पट्टी घेऊन दोन्ही टोकं दोन हातांत सैल धरायची, हे नंदाला माहीत होतं आणि ती तसंच करत होती. तिचं काही चुकलं नव्हतं. मनगटावरच्या चिंधीची गाठ घामाने सैल झाली होती, एवढंच. बोटभर टोक खाली लोंबलं आणि फिरत्या चकाच्या जबड्याने ते चाटलं.

दीनानाथला ते दिसलं नाही, ऐकू आलं. लेथच्या सुरात फट् असा एक आवाज झाला. सहा आठवडे वाकायचं नव्हतं, किसात पाऊल टाकायचं नव्हतं, ते सगळं मागे टाकून तो आत गेला आणि भिंतीवरच्या स्विचवर त्याने तळहात हाणला. पट्ट्याचा लेथ लगेच थांबत नाही. आणखी चार फेरे फिरला, आणि त्या चार फेऱ्यांत एक हिरवी लुगड्याची चिंधी लाटेभोवती नीटनेटकी गुंडाळली गेली, एखाद्या बाळंतिणीच्या डोक्याला बांधावी तशी.

नंदा फळीवर उभी होती. दोन्ही हात छातीशी. मनगटावर तीन तांबड्या रेघा उठल्या होत्या आणि पायाशी काचेचे तुकडे पडले होते. बोटं दहा होती. दीनानाथने ती मोजली. मग पुन्हा मोजली.

कौशल्या पिठाच्या हातांनी धावत आली. तिने सुनेचा हात धरला, उलटा केला, सुलटा केला. हळद आणा, असं कोणाला तरी ओरडली, कोणी नव्हतं म्हणून स्वतःच गेली आणि घेऊन आली. रेघांवर हळद दाबता दाबता तिचं खाली लक्ष गेलं. बांगडी फुटली असं ती कधी म्हणत नसे. "दोन वाढल्या," ती पुटपुटली. मग चिंधीकडे पाहून म्हणाली, "गाठ ढिली पडली. उद्या मी बांधते. दोन गाठी मारते, हलनार न्हाई."

"दोन गाठी मारू नको," दीनानाथ म्हणाला.

त्याचा आवाज असा काही निघाला की दोघी त्याच्याकडे बघू लागल्या. तो लाटांच्या ओळीशेजारी उलट्या घातलेल्या ड्रमवर बसला. हिरवा चष्मा काढून त्याने मांडीवर ठेवला, कारण चष्म्यातून बायकोचा चेहरा नीट दिसत नव्हता. मग पुन्हा घातला, कारण नीट दिसत होता.

"गाठ सुटली म्हणून तिचा हात राहिला," तो म्हणाला. "माझी गाठ पक्की होती."

कौशल्याला कळलं नाही.

मग त्याने सांगितलं. बोलता येत नसलेल्या माणसासारखं, उलटसुलट. लग्नात तिच्या वडिलांनी अंगठी घातली होती. तिच्या माहेरची रीत अशी, की पहिला दिवाळसण होईपर्यंत जावयाने ती बोटातून काढायची नाही. काढली तर अपशकुन. कौशल्या तेव्हा अठरा वर्षांची होती आणि रोज तो कामाला निघाला की अंगठी आहे ना बघायची. कंपनीत फोरमन म्हणायचे, अंगठी काढ. एकदा म्हणाले, दोनदा म्हणाले, तिसऱ्यांदा लेथवरून हाकलीन म्हणाले. तेव्हा दीनानाथने अंगठीवर चिंधी गुंडाळली आणि बोट कापलंय म्हणून सांगितलं. फोरमन गप्प बसले, बायकोही खूश. पंधरा दिवस चाललं. श्रावणातल्या एका मंगळवारी तो असाच पॉलिश पेपर धरून उभा होता.

"चिंधी ओढली गेली. मी गाठीवर गाठ मारली होती. ती सुटली नाही, बोट सुटलं."

उसात कुठेतरी चिमण्यांचा कालवा चालला होता. कौशल्याने हळदीचे हात पदराला पुसले आणि पदर पिवळा झाल्याचंही तिला कळलं नाही.

"म्हंजे माज्यामुळं," ती म्हणाली.

"तुझ्यामुळे नाही. तू काढू नको म्हणालीस, फोरमन काढ म्हणाले, आणि मला दोघांपैकी एकालाही नाही म्हणता आलं नाही. भित्रेपणाने बोट गेलं. आणि नंतर तुला सांगितलं असतं तर तू जन्मभर स्वतःला लावून घेतलं असतंस. म्हणून ते बाहीचं सांगितलं." तो थांबला. मग म्हणाला, "त्या दिवशी तू चिंधी म्हणालीस तेव्हाच बोलायला पाहिजे होतं. तीन दिवस ही पोरगी माझ्या खोटेपणावर उभी होती."

"आणि अंगठी? ती दवाखान्यातल्या पोरानं चोरली म्हनला हुता."

दीनानाथ उठला. हत्यारांच्या पेटीच्या तळाशी ग्रीसची एक गंजकी डबी होती. त्याने ती उघडून तिच्या तळहातावर पालथी केली. अंगठी लांबट झाली होती आणि एका जागी तुटली होती.

कौशल्याने ती बघितली. चोरलीच नव्हती तर त्या पोराला तीस वर्षं आपण काय काय म्हटलं, त्याची ती मनात उजळणी करत असावी, कारण तिचे ओठ हलत होते. मग एकदम तिला दुसरं काही आठवलं आणि तिने मान वर केली.

"आन भैरूभावजी?"

दीनानाथने जमिनीकडे पाहिलं. "भैरू त्या दिवशी रजेवर होता."

नंदाने तोंडाला एप्रन लावला. आधी वाटलं, आता रडते. पण तिचे खांदे हलत होते ते वेगळ्या कारणाने. हसू दाबता दाबता तिला उचकी लागली. कौशल्याने तिच्याकडे रागाने पाहिलं, मग नवऱ्याकडे त्याहून रागाने पाहिलं, आणि घरात निघून गेली.

त्या दिवशी लेथ पुन्हा सुरू झाला नाही. घरातून मात्र डाळ शिजल्याचा वास यायला लागला, मग गुळाचा, मग वेलदोड्याचा. सण नाही, वार नाही आणि घरात पुरण चाललं होतं. ऊन कलायच्या आत कौशल्या ताटावर रुमाल झाकून बाहेर पडली. डोक्यावर पदर नीट घेतलेला. ती भैरूच्या गोठ्याकडे गेली.

तिथे काय झालं ते भैरूनेच पुढे पुष्कळांना सांगितलं. वहिनी आल्या. ताट खाली ठेवलं. नारळ ठेवला. म्हणाल्या, भावजी, मी तीस वर्सं तुमाला वंगाळ बोलले, त्यात तुमची काई चूक नवती, तर मला माफी करा. भैरू म्हशीखाली बसला होता. त्याला हात जोडावे तर हात दुधाचे. तो म्हणाला, वहिनी, दीन्यानं त्या टायमाला पाया धरले हुते माजे. म्हनला, तुजं नाव घेतो, तू नाई म्हनू नकोस. आपलं काय जातंय, नावच घेतंय नव्हं. मग जरा घुटमळून तो म्हणाला, "आता खरं कळलं म्हनून सणाचं जेवान बंद करू नका, येवढंच."

दुसऱ्या दिवशी सकाळी दीनानाथ खुर्ची घेऊन शेडकडे आला तेव्हा दारात ठोकाठोक चालू होती. कौशल्या स्टुलावर उभी होती आणि चौकटीशेजारच्या फळीवर, खंडोबाच्या तसबिरीखाली, ओळीने खिळे मारत होती. हातोडी तिने टोकाला धरायच्या ऐवजी मध्येच धरली होती. दीनानाथने ते सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग पुन्हा उघडलं आणि सांगितलं. हे आता जमवायला हवं होतं.

तिने हातोडी नीट धरली.

मग तिने नंदाला समोर पाटावर बसवलं. साबणाचं पाणी करून एकेक बांगडी स्वतःच्या हाताने उतरवली, एकही न वाढवता. मंगळसूत्र काढून आधी कपाळाला लावलं आणि मग दुसऱ्या खिळ्याला अडकवलं. देवाच्या डोळ्यांसमोर आहे म्हणजे गळ्यात असल्यासारखंच आहे, असं ती कोणाला तरी पटवून देत होती, बहुतेक स्वतःलाच. सुदर्शन नुकता गाडी लावून आला होता. आपल्या नावाचं मंगळसूत्र खिळ्याला टांगलेलं बघून तो म्हणाला, "मी काय शर्ट आहे का?" पण त्याच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही. शेवटी कौशल्याने करंड्यात बोट बुडवलं आणि नंदाच्या कपाळावर रोजच्या दुप्पट कुंकू लावलं.

"ह्याला काय तुजा चक धरत न्हाई," ती म्हणाली. "जा आता."

सोमवारी रामदास आला तेव्हा भिंतीला नऊ लाटा उभ्या होत्या. त्याने एका लाटेच्या दातांवरून अंगठा फिरवला, डोळा बारीक करून मान बघितली आणि दोष काढायला काही सापडलं नाही म्हणून अंमळ खट्टू झाला. पण आणखी आत जायला त्याने पाऊल उचललं, तेव्हा कौशल्या आडवी आली. तिने त्याच्या हातांकडे पाहिलं. रामदासच्या बोटांत चार अंगठ्या होत्या, पुष्कराज, पोवळं आणि आणखी दोन, आणि गळ्यात मफलर. ते सगळं तिने खिळ्यावर मागितलं. तो म्हणाला, मी नुसता बघायला जातोय. ती म्हणाली, मशीन पन नुसतंच बघत असतं. त्याने विचारलं की एकेका खड्याचा एकेक ग्रह आहे, ते काढले आणि ग्रह फिरले तर? कौशल्या म्हणाली, तिथं आधीच एक चीज फिरतीये, तुमच्या ग्रहांची भर नको. त्याने निमूटपणे मफलर आणि चारही अंगठ्या उतरवल्या आणि उरलेल्या लाटा भोसरीला न नेता तशाच ठेवून गेला.

महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी दुपारी टेम्पोत पंधरावी लाट चढली. रामदासने चरकांना बांधायला नवी घुंगरं घेतली होती, त्यातलं एक त्याने नंदाला दिलं. म्हणाला, उरलं होतं. नंदाने ते स्विचच्या पेटीच्या झाकणाला बांधलं. आता लेथ सुरू करायला झाकण उघडलं की घुंगरू वाजतं, आणि शेडमधला प्रत्येक जण आधी आपल्या हातांकडे बघतो.

फाल्गुन लागल्यावर दीनानाथचा हिरवा चष्मा गेला आणि साधा आला. डॉक्टरांनी कामाची मोकळीक दिली. त्या सकाळी त्याने दाढी केली, एकोणतीस वर्षं घालायचा तसा निळा शर्ट घातला, बाह्या कोपराच्या वर दुमडल्या आणि उत्साहाने शेडकडे निघाला. दारात कौशल्याने हात पुढे केला.

त्याने दोन्ही हात दाखवले. साडेनऊ बोटं, सगळी मोकळी.

"दोरी," ती म्हणाली.

नवा चष्मा पडू नये म्हणून त्याने त्याला काळी दोरी लावून गळ्यात अडकवली होती. ती मानेमागून काढून त्याने तिच्या हातात दिली. आत लेथ गुणगुणत होता. नंदाने वळून पाहिलं आणि सांगितलं की मामंजी, जरा थांबा, कट चालू आहे. तो थांबला. आपल्याच शेडच्या उंबऱ्यात, गिऱ्हाइकासारखा. त्याचं त्यालाच नवल वाटलं, की थांबायला काही जड गेलं नाही.

अजूनही ते खिळे तिथे आहेत. दुसऱ्यावर मंगळसूत्र, तिसऱ्यावर बांगड्या, पुढे कोणाचं घड्याळ, कोणाचा गंडा, हल्ली गळ्यात लोंबणारे मोबाईलसुद्धा. पहिल्या खिळ्यावर मात्र रोज तीच वस्तू असते, तुटलेली, लांबट झालेली एक अंगठी. तिला दर शुक्रवारी कुंकवाचं बोट लागतं. नवीन माणूस ती बघून हटकून विचारतो, आणि कौशल्या गोष्ट सुरू करते. पहिलीपेक्षा ही गोष्ट लांब आहे. तिच्यात माहेरची रीत आहे, फोरमन आहे, चिंधी आहे आणि पक्की गाठ आहे. आता दीनानाथ शेडच्या मागे जात नाही. तो तिथेच उभा राहून ऐकतो आणि गरज पडली तर बोट दाखवतो.

आणि गोष्टीतल्या श्रावणातला तो मंगळवार आला, की कुडापलीकडे बसलेला भैरू बशी खाली ठेवतो, पाठ ताठ करतो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगतो, "मी त्या दिवशी रजेवर हुतो."